हसू आलं की बाहेर

मी लहानपणापासून खिदळणारी. माझ्या लग्नात अंतरपाटाच्या पलीकडे नवऱ्याला लागोपाठ तीन शिंका आल्या, तर मी अशी हसत सुटले की भटजींचं मंगलाष्टक अर्ध्यात अडकलं आणि मामानं मागून चिमटा काढला. नवऱ्यानं ते मनावर घेतलं नाही. बिचारा आजही शिंक आली की आधी माझ्याकडे बघतो. आणि अशा बाईला देवानं नोकरी दिली कुठे, तर जिथं हसायला बंदी होती तिथे!

गोंडपिपरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून, सागवानी दारांचा एक कारखाना आहे. तिथे मी तीन वर्षं घासाईत होते. घासाई म्हणजे दाराच्या फळ्या रेजमालाच्या खरखरीत कागदानं घासून गुळगुळीत करायच्या. संध्याकाळी घरी जावं तर भुशानं भुवया पिवळ्या, कान पिवळे, थुंकीसुद्धा पिवळी. लेक म्हणायची, "आई, तू हळदीत लोळून आली का वं?" मी हसायचे, आणि हसता हसता खोकायचे.

भिंतीपलीकडे पॉलिशची खोली होती. तिच्या काचेतून मी जेवायच्या सुट्टीत बघत उभी राहायचे. घासलेली फिकट फळी टेबलावर यायची, बाई तिच्यावरून रंगाचा बोळा फिरवायची, आणि सागवानाच्या आतल्या रेषा हळूहळू वर यायच्या. इतकी वर्षं त्या लाकडात होत्या आणि कुणाला दिसल्या नव्हत्या! पगार थोडा जास्त होता, ते सोडा. मला त्या रेषा माझ्या हातानं वर आणायच्या होत्या. तीन वर्षांनी तिथे एक जागा झाली आणि ती मला मिळाली, तेव्हा मी घरी शेवयाची खीर केली.

त्या खोलीत आम्ही चौघी. दोघी सख्ख्या जावा, घरी चुलीवरून भांडायच्या आणि इथे एका डब्यात जेवायच्या. तिसरी मी. चौथी सगळ्यात जुनी, तिला सगळे मोठी बाई म्हणायचे. ती जंगलातल्या गावची, घरी गोंडी बोलणारी, आमच्याशी मराठीत मोजकंच बोलायची. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. रागीट नव्हती, पण हसणं हे काही कामाच्या वेळी करायचं काम नाही असं तिचं मत असावं. पहिल्याच दिवशी मी फळीवर बोळा रेषांच्या आडवा मारला, तर तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "आडवा हात नाई मारत. लाकूड ज्या वाटेनं वाढलं, त्याच वाटेनं जाय." तेव्हापासून माझा हात आडवा गेला नाही. तिचा तर झोपेतही गेला नसता.

आमचे सुपरवायझर साहेब नागपूरचे. वयानं माझ्या धाकट्या भावाएवढे, पण नियमांना एकदम पक्के. नियमांचा कागद त्यांनी भिंतीवर डकवला होता. थिनरचा डबा घेतला की लगेच झाकण. वापरलेली फडकी पाण्याच्या डब्यात. हातमोजे पाहिजेतच, मोबाईल बाहेर, आणि थिनरनं हात धुवायचे नाहीत. खोलीच्या एका भिंतीत हवा ओढणारा मोठा पंखा होता, आणि समोरच्या भिंतीतून ताजी हवा आत यायची. "त्या ताज्या हवेकडे पाठ करून उभं राहायचं," साहेब सांगायचे. "मानेला हवा लागली पाहिजे. इथे हवा हाच तुमचा मास्क. आणि लक्षात ठेवा, थिनर डोक्यात गेला की माणूस आधी हसतो, मग चुकतो, मग पडतो. म्हणून हसू आलं की बाहेर. करंजाखाली दहा मिनिटं बसायचं, पाणी प्यायचं, मगच आत."

हे सांगताना साहेबांचे नवे बूट चुंईचुंई वाजत होते. मी काय करू? "बाहेर!" साहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी मी चारदा करंजाखाली गेले. एकदा खिडकीच्या काचेला नाक लावून माकड बघत होतं म्हणून. एकदा एका फळीतली गाठ थेट माझ्या चुलतसासऱ्याच्या नाकासारखी दिसली म्हणून. करंजाखालचा दगड माझ्या बसण्यानं गुळगुळीत होईल, त्याला घासाईला पाठवायला नको, असं जावा म्हणायच्या, आणि ते ऐकून मी पुन्हा बाहेर.

महिन्याभरानं साहेबांनी बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, पण ते शांतपणे बोलले. "बाई, तुमचं काम चांगलं आहे. पण तुमचं खरं हसू कोणतं आणि थिनरचं कोणतं, मला कळत नाही. उद्या खरंच हवा बिघडली, तर मी म्हणेन, ही तर रोजच हसते. मग? हा आठवडा बघतो. शनिवारपर्यंत एकदाही बाहेर यावं लागलं, तर परत घासाई."

मला पटलं आणि धडकीही भरली. परत ती पिवळी थुंकी! मी आईची शपथ घेतली की शनिवारपर्यंत दात दाखवणार नाही.

आता नेमका तोच आठवडा मोहाचा. कारखान्याच्या मागे तीन मोहाची झाडं आहेत. पहाटे खाली फुलांचा सडा पडतो, आणि ते बघून आमच्या भागातली बाई सरळ कामावर जाऊ शकत नाही. मी टोपलीभर वेचली. पण वाळवायची कुठे? घरी दिवसभर राखण कोण करणार, बकऱ्या टपलेल्याच असतात. मग मला पॉलिशच्या खोलीमागची लोखंडी पेटी दिसली. कंबरेएवढी उंच, वरून जाळीची, उन्हात. सपाट, कोरडी, बकरीच्या तोंडाला न लागणारी जागा! त्या जाळीतून हवा आपोआप आत ओढली जायची, म्हणजे वरून ऊन आणि मधून वारा. मी जुनं लुगडं दुहेरी अंथरलं आणि मोह पसरला. दुपारपर्यंत खडखडीत. मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश झाले की हसू दाबायला हातमोजा चावावा लागला.

ती पेटी म्हणजेच आमच्या खोलीत ताजी हवा येण्याचं तोंड होतं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण मूठभर फुलांनी काय होतंय, असं वाटलं. मंगळवारी अर्धी टोपली जास्त टाकली, बुधवारी अजून. खोलीत मोहाचा गोड वास दरवळायला लागला. जावा म्हणायच्या, "बाप्पा, काय वास येऊन राह्यला!" जंगलाच्या कडेला मार्चमध्ये मोहाचा वास येणार नाही तर कशाचा येणार? कुणी विचारलंसुद्धा नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते मलाच ठाऊक. हसू आलं की मी पाढे म्हणायचे. सतरापर्यंतच पाठ होते, मग परत दोनपासून. साहेबांचे बूट वाजले की मेलेल्या आत्याला आठवायचे. पण आत्याही मोठी विनोदी होती, तिला आठवणं उलटच पडायचं. गुरुवारी मोठी जाऊ माझ्या कानात म्हणाली, "तुह्या चुलतसासऱ्याचं नाक आलं पाहाय पुन्हा." मी गाल आतून असे चावले की संध्याकाळी वरण तिखट लागलं. शुक्रवारही निभावला.

शनिवारी पहाटे मोहाचा नुसता पाऊस पडला होता. मी दोन टोपल्या वेचल्या आणि सगळ्या त्या लुगड्यावर ओतल्या, चार बोटं जाड थर. ओली, चिकट, रसाळ फुलं.

दुपारनंतर धाकटी जाऊ फिसकन हसली. "काऊन वं?" मोठीनं विचारलं, आणि उत्तर यायच्या आत तीही हसायला लागली. "मोह चढून राह्यला मले," धाकटी म्हणाली, "नुसत्या वासानं!" दोघी टेबलाला धरून हसत होत्या. मला वाटलं, मुद्दाम चालू आहे, मला हसवायला. सुट्टी व्हायला पाऊण तास होता आणि माझ्यापुढे शेवटची फळी होती. मी तेराचा पाढा धरला. तेरा साती एक्क्याण्णव की एक्क्याऐंशी, मलाच आठवेना. डोकं हलकं झालं होतं आणि पोटातून हसू उकळ्या मारत वर येत होतं. तेवढ्यात मोठी बाई हसली.

मोठी बाई! तोंड उघडून, खळखळून, एखाद्या पोरीसारखी. काय सुंदर हसत होती! मी अर्धा क्षण नुसती बघत राहिले. मग माझी नजर तिच्या फळीवर गेली. तिचा हात आडवा चालला होता. रेषांना कापत, इकडून तिकडे, पुन्हा इकडे.

आधी हसतो, मग चुकतो. मी मानेला हात लावला. मान घामानं थबथबलेली. हवाच नव्हती.

आणि त्याच क्षणी मला कळलं की ती हवा कुणी अडवली आहे. खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं, फक्त पाऊण तास. मग सुट्टी, मग मी गुपचूप लुगडं काढून घेईन, नोकरीही राहील. तेवढ्यात मोठ्या बाईच्या हातून बोळा सुटला आणि ती रिकामा हातच फळीवर फिरवत राहिली. मी ओरडले, "बाहेर! सगळ्या बाहेर!" जावा अजूनच हसल्या, कारण हे वाक्य माझं नव्हतं, साहेबांचं होतं. मी दोघींना दारातून ढकललं आणि मोठ्या बाईला काखेत धरून ओढलं. ती हसत होती, गोंडीत काहीतरी सांगत होती, आणि उंबऱ्यावर तिचे गुडघे गेले.

करंजाखाली तिचं डोकं मी मांडीवर घेतलं. ओठ पांढरे पडले होते. हसू थांबलं होतं. मला वाटलं, मारलं मी हिला, दोन टोपल्या फुलांसाठी मारलं. मी मोठमोठ्यानं रडत होते. मग ती उलटी करून उठून बसली आणि तिनं पाणी मागितलं. पाणी एवढं गोड कुणी मागितलं नसेल.

साहेब धावत आले. पंखा तर चालू होता, म्हणून ते गोंधळले. मी त्यांना हात धरून मागे नेलं. "हे मी टाकलं साहेब. सोमवारपासून टाकून राह्यली." मी लुगडं ओढलं. पेटीनं भस्सकन हवा आत घेतली आणि भिंतीवरचा नियमांचा कागद आत फडफडलेला आम्हाला इथे ऐकू आला. मोठ्या बाईला साहेबांनी गाडीत घालून दवाखान्यात नेलं. जायच्या आधी मला म्हणाले, "सोमवारपासून घासाई. हसण्यासाठी नाही बाई, मोहासाठी." मी मान हलवली. मग आठवडाभराचा सगळा मोह उचलून उकिरड्यावर फेकला.

दोन दिवसांनी मोठी बाई कामावर आली. मी पाया पडायला गेले तर एवढंच म्हणाली, "मोह झाडाखाली वाळवते. मानसाच्या श्वासावर नाई." मग बोळा उचलत म्हणाली, "आन् फेकला काऊन? वाळला होता ना."

घासाईत मी पावसाळ्यापर्यंत होते. पिवळे कान, पिवळी थुंकी, सगळं पूर्ववत. फक्त हसू येत नव्हतं. नवरा एकदा मुद्दाम शिंकला, तरी आलं नाही. मग एक दिवस साहेबांनी बोलावलं. म्हणाले, मोठी बाई रोज येऊन एकच गोष्ट सांगते, रिकाम्या जागेवर तीच पाहिजे. "मी म्हटलं, ती हसते. तर म्हणते, त्या दिवशी तीच एक हसली नाही."

मी परत खोलीत गेले. पेटीभोवती आता कुंपण घातलं होतं. मी मानेला हात लावला, हवा होती. दर फळीला मी मानेला हात लावत होते, आणि तोंड मिटून काम करत होते. दुपारपर्यंत हे मोठ्या बाईनं पाहिलं.

"काऊन वं, तोंड शिवलं का?"

"भेव लागते बाई."

"रोजच्यावानी हास. तुह्या रोजच्या हासन्याच्या वर गेलं तं मले समजते. हासलीच नाई तं मी काय वळखू?"

हसू काय सांगून येतं? मग तिनं कोपऱ्यातला एक मोडका तुकडा उचलला, टेबलावर ठेवला, बोळा रंगात बुडवला, माझ्याकडे तिरकं पाहिलं, आणि रेषांच्या आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, असा सणसणीत हात मारला की रंग माझ्या नाकावर उडाला.

मी फुटले! तीन महिन्यांचं हसू एकदम बाहेर आलं, पोट धरून, टेबलावर डोकं ठेवून. काचेवर टकटक झाली. "दोघी बाहेर!" साहेब ओरडले, आणि तेव्हा मी मान वर करून पाहिलं की दुसरी कोण ते.

आम्ही दोघी करंजाखाली जाऊन बसलो. पाणी प्यायलो. मानेला वारा लागत होता, डोकं एकदम साफ होतं. दहा मिनिटं होऊन गेली तरी मोठ्या बाईचं हसू काही थांबेना.