साळूबाईचा खटका

"आवं शेठ, बैल घेताना नुसता दावणीला बघून घेत्यात व्हय? चालवून बघत्यात. आना हिकडं त्यो फोन."

दुकानदार सुमंतशेठ काही बोलायच्या आत साळूबाईनं त्याच्या हातातला बिनतारी फोन घेतला, पदर खोचला आणि थेट रस्त्याला लागली.

साळूबाई मूळची पलूसची. सांगलीत कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवायची आणि वरच्या खोल्या त्यांनाच भाड्यानं द्यायची. नव्व्याण्णव साली त्या पोरांना इंटरनेटचं वेड लागलं. कॉम्प्युटर वर आणि टेलिफोन खाली, साळूबाईच्या स्वयंपाकघरात. मावशी भिंतीला भोक पाडू देणार नाही, असं पोरांनी धरूनच चाललेलं. म्हणून वाईच्या अनीशनं तोड काढली, की हा बिनतारी फोन घ्यायचा आणि वर त्यालाच मोडेमची पिन जोडायची.

साळूबाईला घोर वेगळाच. पोरांचं इंटरनेट चालू असलं की टेलिफोन अडकून राहणार, बाहेरचा फोन लागणारच नाही. तिचा वीरधवल फौजेत. दर रविवारी दहाला बूथवर रांग लावून फोन करायचा. तो फोन चुकला की आठवडाभर मावशीची भाकरी करपते, हे पोरांनी चाखून बघितलेलं.

दुकानात अनीश फोनच्या तिथंच राहिलेल्या डब्याला तोंड लावून उभा. "मावशी, ऐकू येतंय का?"

"येतंय की. वरडतुयास कशाला?"

पानपट्टी मागं पडली, सायकलवाला मागं पडला. सुमंतशेठ चप्पल न घालताच पळत आला. "अहो बाई, माझा माल!"

"न्हाई पळून जात, शेठ. दमानं या."

पुढं पिठाची गिरणी लागली. पट्टा फिरायला लागला आणि फोनात नुसतं घर्रर्र. अनीशचं एक अक्षर ऐकू येईना. साळूबाई जागेवरच वळली. तिच्या घराच्या भिंतीला भिंत लावूनही अशीच एक गिरणी होती.

"बाई, सगळं जग बिनतारी होणार हाय आता," शेठ धापा टाकत म्हणाला.

"हू द्या की. जगाच्या शेजारी गिरणी न्हाई."

मग मोडेम. एक कॉम्प्युटरच्या पोटात बसणारं, दुसरं बाहेर ठेवायचं, दिवेवालं. साळूबाईनं दिव्यावर बोट ठेवलं. "पोटातलं काय करतंय, कुनाला दिसतंय? आन् चाळीस हात वायर द्या. भोक मी पाडून घेतो."

अनीशनं आ वासला. "मावशी, भोक चालतंय? आधी नाही सांगितलंत!"

"तू इचारलंस कवा? शेठ, वायरीला मधी एक खटका बशिवता येतोय का? माझ्या चुलीपाशी पायजे."

रविवार उजाडला. अनीश परदेशातल्या कॉलेजला अर्ज धाडत होता. दहाला चार कमी असताना वरून आरोळी आली, "मावशी, दोनच मिनिटं! निम्मा गेलाय!"

"निम्मा मागनं धाड!" खट्ट.

वर पोरं कपाळ बडवत बसली. दहा वाजून गेले. पाच झाले, सात झाले. साळूबाई टेलिफोनकडं बघत नुसतीच उभी. आठव्या मिनिटाला घंटी वाजली.

"आई, आज काय केलंयस?"

"मटान. तुला काय करायचंय? हिकडं वास येतोय, तकडं यायचा न्हाई. बरा हायस न्हवं?"

बोलणं संपलं. तिनं खटका वर केला, "धाड रं आता, अनीश!" म्हणून जिन्याकडं तोंड करून हाक घातली आणि पाट्यावर वाटण ओढायला बसली.