खिशातला हात

जुन्या बाजारातून आणलेला भलामोठा कर्णा हॉलमध्ये मांडला, तेव्हा घर एकदम लहान वाटायला लागलं. त्याला जोडलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा जुना अ‍ॅम्प्लिफायर मात्र गाण्याऐवजी नुसता घुमत होता. म्हणून देसाईकाकांना बोलावलं. त्यांची सगळी हयात असली मशीनं दुरुस्त करण्यात गेलेली.

झाकण काढून ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, तुम्ही बटणापाशी उभ्या राहा. मी ओरडलो तर आधी बटण बंद करा. मला हात लावायचा नाही."

मग त्यांनी डावा हात पँटच्या खिशात घातला आणि एकट्या उजव्या हाताने चालू मशीन तपासायला लागले.

"एक हात खिशात का हो, काका?" मी विचारलं.

"दोन्ही हात आत घातले आणि शॉक बसला, तर करंट छातीतून जातो," ते मान वर न करता म्हणाले.

बायकोचं बोट बटणावरून हलेना. सवयीने भीती जाते, असं मी आजवर समजत होतो. कालच मी दोन्ही हात घालून त्याच चालू मशीनमधली धूळ पुसली होती, तीही शीळ घालत. मला भीती वाटली नाही, कारण मला काही माहीतच नव्हतं. काकांना सगळं माहीत होतं.

एकाएकी घुमणं थांबलं. कर्ण्यातून एक बाई गायला लागली, इतक्या जवळून की तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला.

काकांनी खिशातला हात रुमालासकट बाहेर काढला. काम केलेला उजवा हात कोरडाच होता. त्यांनी पुसला तो घामेजलेला डावा.