भिंतीकडे तोंड करणारे गृहस्थ

"काकू, नंबर टाका," असं म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. नुसती मान वळवून त्यांचं भागायचं नाही. लपाछपीत राज्य आलेल्या मुलासारखं कपाळ भिंतीला टेकलेलं, दोन्ही तळवे डोळ्यांवर, आणि तिथूनच विचारणार, "झालं?" मी चार आकडे दाबून "झालं" म्हटलं की वळायचे आणि न चुकता सांगायचे, "मी काय बघितलं नाय हां, काकू."

पन्नाशीचे, पोट जरा सुटलेले, कमरेला स्क्रूड्रायव्हरांचा पट्टा बांधलेले एक गृहस्थ आपल्या मुलुंडच्या हॉलच्या भिंतीला कपाळ लावून उभे आहेत, हे दृश्य तुम्ही पाहिलेलं नाही. म्हणून ईरा आणि नील, हे तुमच्यासाठी लिहून ठेवते. ते आता कणकवलीकडे आपल्या गावी राहतात. अलार्मचं काही निघालं तर कंपनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवते आणि मी आकडे दाबत असताना तो माणूस सरळ माझ्या बोटांकडे बघतो. मी थांबते. तो म्हणतो, "आजी, टाका ना." आता त्याला काय सांगणार?

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. आमच्या इमारतीत ते एकदा माझ्यामुळे नको तसं घेतलं गेलं आहे. तेवढं पुरे.

अलार्मची कल्पना तुमच्या बाबाची. आई एकटी राहते, म्हणून दाराला एक यंत्र, हॉलच्या कोपऱ्यात हालचाल ओळखणारी एक डबी आणि बाहेर भोंगा, असं सगळं त्याने तिकडे तुमच्या घरी बसून मागवलं. बसवायला भांडुपहून हे गृहस्थ आले. साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी त्यांनी मला हातात धरून दाखवली. "माणसाच्या अंगाची ऊब हलली की हिला कळतं. उन्हासमोर नको, फ्रिजवर नको, पडद्याजवळ तर नकोच. नायतर पडदा हलला तरी बोंबलेल."

डबी लागली आणि ते म्हणाले, "आता मी चोर."

त्यांनी चपला काढल्याच होत्या. आता मोजेही काढून पाय अनवाणी केले, पाठ भिंतीला लावली आणि पोट आत ओढून सोफ्यामागून सरकू लागले. दुसऱ्या पावलाला डबीत लाल दिवा लागला. "बघा! सरळ तिच्या अंगावर चालत गेलं तर जरा उशिरा कळतं. आडवं गेलं की लगेच." मग माझ्यावर पाळी आली. मी हॉलभर चालून दाखवलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"काकू, चोर असा पदर सावरत येतो काय?"

"माझा चोर चांगल्या घरातला आहे," मी म्हटलं.

ते एवढे हसले की डबीचा दिवा पुन्हा लागला.

डबीला दिसण्यासारखं अजून काय काय आहे हे सांगावं म्हणून मी म्हणाले, "आतल्या खोलीत कपाट आहे, त्याच्या वरच्या..." त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "नाय नाय नाय! मला सांगू नका. लोक काय करतात माहितीय? पयला चहा देतात, मग दागिने कुठे ठेवलेत ते दाखवतात. मी चोरासाठी यंत्र लावायला येतो आणि पत्ता मलाच!"

जाताना त्यांनी एकच गोष्ट बजावली. "खोका फेकू नका. खोक्याशिवाय कंपनी पीस बदलून देत नाय." मी हसले. तीस वर्षं कॉलेजची लायब्ररी सांभाळलेल्या बाईला हे सांगायला नको. आपल्या माळ्यावर मिक्सरचा, इस्त्रीचा, टेबलफॅनचा, सगळ्यांचे रिकामे खोके आहेत आणि प्रत्येकावर माझ्या अक्षरात चिठ्ठी आहे. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाईंनी डबीचा खोकाही त्या रांगेत ठेवला.

तुमच्या बाबाचे फोन तर डबी बसवली त्याच संध्याकाळी सुरू झाले. डबीचा दिवा लागला की म्हणे त्याच्या मोबाईलवर कळतं.

"आई, हॉलमध्ये कोण आहे?"

"मी आहे."

"आणि आता?"

"आताही मीच आहे."

त्याला ते बंद करायला शिकवलं तेही ह्या गृहस्थांनीच. फोनवर, अर्धा तास, अजिबात न चिडता.

दोनेक आठवड्यांनी एका लग्नाला जायचं होतं. बांगड्या काढायला मी कपाट उघडलं. ईरा, तुझ्यासाठी ठेवलेल्या त्या चार बांगड्या. वरच्या खणात, डाव्या कोपऱ्यात, स्टीलच्या डब्यात. वर्षानुवर्षं तिथेच. डबा नव्हता.

मी सगळे खण उपसले नाहीत. ज्या घरात प्रत्येक वस्तू जागेवर असते, त्या घरात जागेवर नसलेली वस्तू चोरीलाच गेली, असं माझं गणित. शेजारच्या सुलभाला बोलावलं. ती म्हणाली, "घरात बाहेरचं कोण आलं होतं गं?" मी म्हटलं, "तसं कुणी नाही. फक्त ते अलार्मवाले..."

अर्धं वाक्य मी सोडलं. उरलेलं अर्धं इमारतीने पुरं केलं. ते त्यांचं नाव घेऊनच. सहा घरांनी त्यांच्याकडून अलार्म बसवायचं ठरवलं होतं. संध्याकाळपर्यंत सहाही घरांनी नको म्हणून कळवलं. वॉचमनला सांगण्यात आलं की हा माणूस आला तर थांबवायचं. सुलभा म्हणत होती, पोलिसांत जा. मी म्हटलं, पुरावा नाही, उगाच एखाद्या गरिबाच्या मागे कशाला लागा. त्या वेळी मला स्वतःच्या मोठ्या मनाचं कौतुकसुद्धा वाटलं, हेही लिहून ठेवते.

पुढच्याच आठवड्यात भोंगा बिघडला. मी भाजी घेऊन परत येतेय तर खालपर्यंत बोंब ऐकू येतेय, आणि सुलभा हातात लाटणं घेऊन माझ्या दारात उभी. आत कुणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र मला त्यांना फोन करावा लागला. मी फक्त भोंग्याबद्दल बोलले. तेही फक्त भोंग्याबद्दल बोलले.

ते आले. वॉचमनने गेटवर त्यांची पिशवी उलटी करून बघितली होती. वर येऊन ते दारातच थांबले.

"काकू, शेजारच्या ताईंना इथे बसवा. मी काम करतो, त्या बघतील."

"अहो, त्याची काय गरज?"

"बसवा. लोक मला घरात घेतात म्हणून माझा धंदा चालतो. दुसरं काय आहे माझ्याकडे? तुमच्या इमारतीचं भांडुपपर्यंत पोचलंय. कंपनी म्हणते, तक्रार मिटेपर्यंत नवीन काम नाय."

सुलभा सोफ्यावर बसली. त्यांनी डबी उघडली, आत पाल शिरलीय का बघितलं, फुंकर मारली, पुन्हा अनवाणी चोरासारखे चालून बघितलं, पण या वेळी कुणी हसलं नाही. शेवटी म्हणाले, "पीस खराब आहे. बदलून मिळेल. खोका?"

"माळ्यावर आहे. प्रत्येक खोका आहे," मी म्हटलं.

ते शिडीवर चढले. डबीचा खोका मागे गेला होता, म्हणून पुढचा इस्त्रीचा खोका त्यांनी उचलून बाजूला केला. आतून खळकन आवाज आला.

ते थिजले. खोका जरासा हलवला. पुन्हा खळ्. आणि मग ईरा, नील, त्या माणसाने काय केलं माहीत आहे? शिडीवरच भिंतीकडे तोंड फिरवलं. एका हाताने शिडी धरलेली, त्यामुळे डोळ्यांवर हात ठेवता येईना, तर डोळे गच्च मिटले. आणि दुसऱ्या हाताने खोका मागच्या मागे खाली धरला.

"काकू, ह्या रिकाम्या खोक्यात काय तरी वाजतंय. मी काय बघितलं नाय."

खोका सुलभाने घेतला. आत स्टीलचा डबा होता. डब्यात चार बांगड्या.

आणि मला ती सकाळ लख्ख आठवली. अनोळखी माणूस घरात येणार, म्हणून मीच स्टुलावर चढून डबा तिथे लपवला होता. त्यांना सवयीने कपाट सांगायला निघाले, तेव्हाही डबा कपाटात नव्हताच. संध्याकाळी परत ठेवायचा होता. पण सगळी संध्याकाळ तुमच्या बाबाला मी हॉलमध्ये आहे हे पटवण्यात गेली. त्यात स्टुलावर चढू नकोस असं त्याने बजावलेलं, म्हणून ही गोष्ट मी कुणाला बोललेही नव्हते. हळूहळू स्वतःलासुद्धा सांगायची राहून गेली.

"इतकी वर्षं लायब्ररी सांभाळलीस," सुलभा म्हणाली, "आणि चार बांगड्या कुठल्या खोक्यात, ते नाही सांभाळता आलं! वर चिठ्ठी तर इस्त्रीची!"

ते अजून भिंतीकडेच बघत होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"उतरा हो," मी म्हटलं. ते उतरले आणि म्हणाले, "चिकटपट्टी आहे काय? खोका बंद करायचाय."

त्याच दुपारी मी एक कागद लिहिला. मोठ्या, सुवाच्य अक्षरात. "हरवलेल्या बांगड्या माझ्या घरात, मीच ठेवलेल्या जागी मिळाल्या. ज्यांच्यावर संशय घेतला गेला, त्यांचा काहीही दोष नाही. संशयाची सुरुवात माझ्यापासून झाली." खाली पूर्ण सही आणि घराचा नंबर. एक प्रत त्यांच्या कंपनीला पाठवली, एक खाली नोटीस बोर्डावर लावली.

सुलभा म्हणाली, "अगं, ग्रुपवर एक मेसेज टाक आणि मोकळी हो."

"ग्रुपवरचं वर सरकून जातं," मी म्हटलं. आठ दिवसांनी सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या नोटिशीसाठी माझा कागद काढला. मी दुसरा लावला. मग टाकीची नोटीस त्यांनी बाजूला लावली.

नवी डबी घेऊन ते आले त्या दिवशी मी मुद्दाम खाली जाऊन उभी होते. वॉचमनने पिशवीला हात लावला नाही. सहापैकी चार घरांनी त्यांना पुन्हा बोलावलं होतं, उरलेल्या दोघांकडे मी स्वतः जाऊन आले होते. ते जिन्याकडे निघाले आणि बोर्डापाशी थांबले. ओठ हलवत, एकेक शब्द वाचत होते. टाकीच्या नोटिशीला एवढा वेळ लागत नाही.

मी जवळ गेले. माझी चाहूल लागताच ते गर्रकन फिरले, समोरच्या भिंतीला कपाळ टेकवलं आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले.

"मी काय बघितलं नाय हां, काकू."

"झालं," मी म्हटलं. "वळा आता."

पण त्या दिवशी वळायला त्यांना नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागला. मीही घाई केली नाही.