कुंपणापलीकडे टाकलेली कात

नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — तेही लिहून, कारण तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही. आणि लिहितानाही बघा, मी आधी झाडांकडेच वळणार आहे. सरळ मुद्द्यावर यायचं धाडस माझ्यात नाही, कधीच नव्हतं.

तर झाडं. सिंदेवाहीच्या टोकाला आमचं घर, पुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, त्यांच्यापलीकडे जंगल. नवरा घुग्घुसला सिमेंट कारखान्यात, रविवारपुरता घरी. मी शाळेत विज्ञान शिकवते. अंगण मोठं, आणि माझे गुडघे कधीच कुरकुरायला लागलेले. पावसाळ्यात गवत, उन्हाळ्यात धूळ — रोज कोण झाडणार, कोण सारवणार? चंद्रपूरच्या एका रोपवाटिकेत लँटानाची जमिनीवर पसरणारी जात पाहिली. आपल्या जंगलातल्या रायमुनियाचीच बहीण, पण बुटकी, गुडघ्याच्या खालीच राहणारी, जांभळ्या फुलांची. हात-हात अंतरावर रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात पाणी घातलं, नंतर तेही नाही. फांदी जिथे जमिनीला टेकायची तिथे मुळं धरायची. गुरं वासानंच तोंड फिरवायची. पुढच्या वर्षी मे महिन्यात, सगळं गाव करपत असताना, माझं अंगण हिरवंगार! मला गर्व झाला. खोटं कशाला बोलू — जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून दाखवायचे मी.

पार्बताबाईंना मात्र ते पटलं नाही. त्या आमच्या शेजारी. तारेच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर — त्या, मुलगा, सून रंजू, नातवंडं आणि एक गाय. आमच्याकडे घराभोवतीची जमीन उघडी, सारवलेली ठेवायची रीत आहे. सरपटणारं काही आलं तर दिसावं म्हणून. हे पार्बताबाई मला मोहल्ल्यातल्या बायकांसमोर म्हणाल्या. "मॅडम, घराच्या अंगाले झुडूप नोको. तुमी पोराईले शिकवता, तुमाले मी काय सांगू?" बायका हसल्या. मीही हसले. पण ते मला लागलं, आणि मी ते मनात धरून ठेवलं.

त्या श्रावणात झाडांत अडकलेली प्लास्टिकची पिशवी काढायला मी काठी घातली, तर काठीला कात आली. ताजी, अजून ओलसर. आता मी काय ओळखत नव्हते? वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवते मी — घोणस, पाठीवर साखळीसारखे गोल ठिपके. कातेवर ते ठिपके पुसट दिसत होते. आणि तेवढ्यात आतून आवाज आला. शिट्टी व्हायच्या आधी कुकर फुसफुसतो ना, तसा. लांबलचक.

काय करायला हवं होतं? साप पकडणारी पोरं गावात आहेत, फोन केला की येतात. निदान शेजारी हाक मारायची! पण मग झाडं काढावी लागली असती. आणि पार्बताबाईंचं म्हणणं खरं ठरलं असतं, साऱ्या मोहल्ल्यात. मी इकडेतिकडे पाहिलं आणि काठीवरची कात कुंपणावरून पलीकडे भिरकावली. ती त्यांच्या तणशीच्या ढिगापाशी पडली. तणीस म्हणजे धान झोडून उरलेला पेंढा, त्यांच्या गाईचा वर्षाचा चारा.

एवढंच असतं तर — नाही, एवढंच नाही.

पोळा होऊन गेला होता. संध्याकाळी, उजेड असतानाच, रंजू गाईसाठी तणीस ओढायला कुंपणालगत आली. आणि किंचाळली. मी ओसरीवर होते. सगळे तिच्याकडे धावले, तिच्या नवऱ्यानं तिला उचलून जीपमध्ये घातलं. त्या गोंधळात कुणाचं लक्ष नव्हतं, माझं होतं. तो साप तारेखालून इकडे आला, सावकाश, आणि माझ्या झाडांखाली शिरला.

तिकडे डॉक्टर विचारत होते म्हणे, कुठला साप? कुणालाच सांगता आलं नाही. मला माहीत होतं. फोन माझ्या हातात होता.

थोड्या वेळानं माणसं काठ्या घेऊन आली. तणशीचा ढीग पार उपसला. साप मिळाला नाही, कात मिळाली. झालं! सगळ्यांचं ठरून गेलं की तो तणशीतच राहत होता. मी आपल्या पायऱ्यांवर उभी राहून बघत होते, आणि तो माझ्यापासून दोन-तीन हातांवर होता. मी बोलले नाही. पुढे कित्येक दिवस कुंपणापलीकडे नातवंडं खेळायची आणि मी खिडकीत बसून माझ्या झाडांवर नजर ठेवायचे. पान हललं की उठून उभी राहायचे. तरी बोलले नाही. कसली बाई असते अशी? हिवाळा लागेपर्यंत तो कधीतरी निघून गेला असावा. झाडं मी काढली नाहीत — एकाएकी काढली असती तर लोकांनी विचारलं असतं, काऊन?

रंजू वाचली. चंद्रपूरला न्यावं लागलं, मूत्रपिंडं बंद पडत आली होती, पण वाचली. परत आली ती पाय ओढत. धानाच्या रोवणीला ती आता जाऊ शकत नाही. सासूला तिनं तोंडानं दोष दिला नाही, फक्त तिच्याशी बोलणं सोडलं. मुलगा मात्र आईला बोलला, मला इकडे ऐकू येईल असं. "बुडे, तुह्या गाईपायी माही बायको लंगडी झाली." गाय विकली. वासरू असल्यापासून पार्बताबाईंनी तिला वाढवलं होतं. गाडीत चढवताना ती हंबरत होती, आणि पार्बताबाई घरात भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

नंतर एकदा त्या कुंपणाशी आल्या. "मॅडम, खरं सांगजा. माह्याच तणशीत होता का जी तो?"

आसपास कुणी नव्हतं. त्या मला विचारत होत्या, कारण मी शिकलेली, मला यातलं कळतं. मी म्हणाले, "तिथंच असेल. उंदरांमागे येतात ते."

आधीचं सगळं गप्प राहणं होतं. हे मी बोलले. वर्गात सांगावं तसं, कारणासकट. त्यांनी मान हलवली आणि परत गेल्या.

मागच्या हिवाळ्यात पार्बताबाई अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेले. त्यांनी माझा हात धरला. "रंजू माह्यासंगं बोलत नाई. तिले म्हणा, बुडीनं माफी मांगली. तुमचं आयकन ते." खरं काय ते माझ्या ओठांपर्यंत आलं होतं, शपथेवर सांगते. मी उठले आणि — स्वयंपाकघरात गेले. रंजू तांदूळ निवडत बसली होती. मी तिला सासूचा निरोप सांगितला. तिचा हात सुपातच थांबला. मग पदरानं डोळे पुसून ती म्हणाली, "केलं म्हणा माफ, काकू. जाणून थोडीच केलं त्यायनं."

ते शब्द मी तसेच्या तसे बाहेर नेऊन पार्बताबाईंना दिले. त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी माझे दोन्ही हात ओढून आपल्या कपाळाला लावले.

त्याच आठवड्यात त्या गेल्या. रंजूला अजून काही माहीत नाही. मी सांगितलेलं नाही.