आबांचा खालचा सूर

आबांचा बोलण्याचा आवाज साधाच होता. बाजारात घासाघीस करताना तो चार माणसांत ओळखूही आला नसता. पण रविवारी देवळात गीत सुरू झालं, की तोच माणूस इतका खाली उतरायचा की शेजारी उभ्या असलेल्या मला ते आधी छातीत कळायचं आणि मग कानाला. देवळात म्हणजे चर्चमध्ये. आमच्या गावात आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणायचो, अजूनही म्हणतो.

आबांना वाचता जेमतेम यायचं. मिशनच्या मळ्यात ते आधी मोट हाकायचे, विहिरीवर इंजिन आल्यावर इंजिन सांभाळायचे. मिशनच्या शाळेतल्या एका म्हाताऱ्या गुरुजींनी फार पूर्वी गावातल्या माणसांना चार आवाजांत गायला शिकवलं होतं, सगळं कानाने. वरचे तीन आवाज पोरं, बाया, जावई-सुनांनी भरत राहिले. खालचा आवाज शिकलेली माणसं मात्र एकेक करून गेली आणि मागे आबा एकटे उरले.

त्या गुरुजींनी एक पद्धत घालून दिली होती. गीत उभं राहून म्हणायचं. शेवटचं आमेन झालं की वरचे आवाज थांबायचे आणि खालचा सूर एकटाच थोडा वेळ रेंगाळायचा. तो पुरता विरेपर्यंत कुणी खाली बसायचं नाही. बाहेरगावचे पाहुणे घाईने बसायचे आणि आजूबाजूला सगळे उभे दिसल्यावर ओशाळून पुन्हा उठायचे. आम्हाला त्याचं हसू यायचं. अख्खं गाव आपल्या वडिलांच्या श्वासाशी बांधलेलं आहे, याचा लहानपणी मला केवढा अभिमान होता.

याच माणसाने मला नगरच्या कॉलेजात पाठवलं. मी बी.एस्सी. झालो, आमच्या घरातला पहिला. सोनईजवळच्या आमच्याच गावातल्या हायस्कूलमध्ये मला विज्ञान शिकवण्याची नोकरी लागली. आज जे दोन शब्द लिहिता येतात त्यामागे त्या मळ्यातलं इंजिन आहे, हे मी विसरलेलो नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात आबा छातीच्या तापाने गेले. पुढच्या रविवारी देवळात गीत संपलं. सगळे आवाज थांबले आणि लोक उभेच राहिले. बसायचं कधी, हे कुणालाच कळेना. शेवटी पाळकसाहेबांनी हाताने खूण केली. आई माझ्या पुढच्या रांगेत होती. ती सगळ्यांत शेवटी बसली.

त्याच्या आदल्या नाताळात नगरहून आलेल्या एका पाहुण्यांनी टेपरेकॉर्डर आणला होता आणि देवळात आमच्या मंडळीची गीतं टेप केली होती. त्यातलं एक रीळ त्यांनी पाळकसाहेबांना भेट दिलं होतं. आबा गेल्यावर पाळकसाहेब ते घेऊन आमच्या घरी आले. आईने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि पदरात ठेवलं.

आमच्या हायस्कूलमध्ये तसंच एक मशीन होतं. हेडमास्तरांनी शनिवारी ते घरी न्यायची परवानगी दिली. आई, मी आणि शेजारी राहणारी माझी आत्या, म्हणजे आबांची थोरली बहीण, अशी तिघं ऐकायला बसलो. रीळ फिरायला लागलं. पायपेटी वाजली, बायांचे आवाज आले, वरच्या पट्टीतली पोरं आली. ती मधली खाकरणारी व्यक्ती कोण, हेही आम्ही ओळखलं. गीत संपलं.

आई म्हणाली, "समदे हायेत. ह्ये कुठं हायेत?"

"मागं उभा असंल," आत्या म्हणाली. "जन्मभर मागंच उभा र्‍हायला. जेवायला बी समद्यात शेवटी."

"वन्सं, गप बसा जरा. पुन्यांदा लाव रे."

पुन्हा लावलं. आबा नव्हतेच.

मी आईला समजावून सांगितलं. मशीनमधला स्पीकर तळहाताएवढा आहे. खालचा सूर म्हणजे हवेचा मोठा, संथ हेलकावा. एवढ्याशा कागदाला तो ढकलता येत नाही. शिवाय कागदाच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना खाऊन टाकतात. मोठा स्पीकर हवा, आणि मागची हवा कोंडून धरायला जमिनीवर उभी राहणारी मोठी पेटी हवी. तसं केलं तर आबा ऐकू येतील. हे मी शिकलेल्या माणसाच्या खात्रीने बोललो. आई सगळं ऐकत होती. शेवटचं वाक्य तेवढं तिने धरलं.

"मंग कर की," ती म्हणाली.

नगरच्या जुन्या बाजारात मला परातीएवढ्या कागदाचे दोन स्पीकर मिळाले. लग्नात लाउडस्पीकर लावणाऱ्या गावातल्या माणसाने आपला एक जुना, काचेच्या व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर वापरायला दिला. दुष्काळात लग्नं लागत नव्हती, तो त्याच्याकडे पडूनच होता. राहिल्या पेट्या. आमच्या वस्तीत सुतार एकच. मी त्याला कागदावर आकृती काढून दाखवली. छातीएवढी उंची, पुढे वर एक मोठं भोक, खाली एक लहान.

त्याने आकृती उलटीसुलटी करून पाहिली. "कुनासाठी हाय, मास्तर?"

"घरासाठी."

"घरात कोन गेलं आनखी?"

मग मला उमगलं. आमच्या लोकांच्या शवपेट्या तोच करायचा. तसल्या मापाचं दुसरं काही त्याच्याकडे कुणी कधी मागितलंच नव्हतं. मी त्याला स्पीकर दाखवला, आबांचं सांगितलं. तो बराच वेळ रंधा पुसत राहिला. "त्यांची बी मीच केलती," तो म्हणाला. "ह्या बी करतो. पन सवय हाय हाताला, मास्तर. जरा तशाच हुतील."

तशाच झाल्या. खांद्याशी रुंद, पायाकडे निमुळत्या. भिंतीला लावून दोन्ही उभ्या केल्या तेव्हा आत्या उंबऱ्यातच थबकली.

"आगं बाई! एक माझी आन् एक हिची का काय? आन् भोकं कशाला पाडलीत, आत जीव गुदमरू नये म्हून?"

आई हसली. आबा गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. पेटी आतून मऊ काहीतरी लावून मढवावी लागते, नाहीतर ती रिकाम्या पिंपासारखी बोलते, असं मी म्हणालो. आई आत गेली आणि आबांची गोधडी घेऊन आली. माणूस गेल्यावर त्याचं अंथरूण आमच्यात कुणा गरजूला देऊन टाकतात. तिने ती दिली नव्हती, हे आम्हाला तेव्हा कळलं. तिनेच कात्रीने गोधडीचे दोन भाग केले.

रविवारी दुपारची भाकरी झाल्यावर घर माणसांनी भरलं. सुतारही आला होता, आपल्या पेट्यांपाशी अवघडून उभा. मी रीळ लावलं, अॅम्प्लिफायर सुरू केला आणि व्हॉल्व्ह तापले तसं गीत खोलीत उतरलं. मशीनमधून आलेलं ते गाणं आणि हे गाणं एकच आहे, यावर विश्वास बसेना. पायपेटीचा भाता श्वास घेतोय हे कळत होतं. फरशीवर ठेवलेल्या तांब्यातलं पाणी थरथरत होतं. लोक आपोआप उठून उभे राहिले, देवळात राहतात तसे.

आमेन झालं. आवाज थांबले. आणि खाली, अगदी तळाशी, एक सूर उरला. एकसारखा, भरीव. रीळ संपलं म्हणून मी बटण बंद केलं, तर तो सूर लगेच थांबला नाही. हळूहळू खाली जात, विरत, फरशीत मुरून गेला.

आई खाली बसली. तिच्यामागून सगळे बसले. तिने जवळच्या पेटीवर हात ठेवला होता. "आलं," ती म्हणाली. "आलं रं माझं मानूस."

आत्याने तोंडात पदर कोंबला. सुताराने टोपी काढली.

तो सूर काय होता, हे मला ठाऊक होतं. जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये विजेची घरघर असते. लहान स्पीकरला ती वाजवता येत नाही, पण आमच्या पेट्या खालच्या सुरासाठीच केलेल्या होत्या. त्यांनी ती उचलली आणि गोल करून बाहेर टाकली. बटण बंद केल्यावरही आत साठलेली वीज संपेपर्यंत ती थोडा वेळ राहते आणि मग विरते. विज्ञानाच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे सांगता आलं असतं. मी त्या भरलेल्या खोलीत ते कुणाला सांगणार होतो?

हेडमास्तरांनी मशीन माझ्याकडेच राहू दिलं होतं. नंतर शाळा सुटल्यावर, आई देवळाची झाडलोट करायला गेली की मी एकटाच ते रीळ ऐकायचो. पेटीच्या खालच्या भोकाशी कान लावून बसायचो. घरघर मनातून वजा करून तिच्यामागे आबा शोधायचो. पेट्या खरंच चांगल्या झाल्या होत्या. पायपेटीचा सगळ्यात खालचा सूर त्यात स्पष्ट होता, दूरवरच्या ट्रकचा आवाजही होता. आबा नव्हते. त्या नाताळची आठवण मी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिली. पाहुण्यांनी माइक बायांच्या रांगेपुढे ठेवला होता. आबांकडे पाहून ते म्हणाले होते, "बाबा, तुमचा आवाज फार भरतो, तुम्ही जरा दारापाशी उभे राहा आणि हळू म्हणा." आबांनी हात जोडले होते आणि ते दाराबाहेर, पायरीवर जाऊन उभे राहिले होते. पाहुण्यांनी काही सांगितलं की आबा ते दुप्पट पाळायचे. पेटी कितीही चांगली असो, टेपवर जे उतरलंच नाही ते ती कुठून आणणार?

रविवारची ती बैठक पुढे चालू राहिली. लोक कमी झाले, पण आई चुकली नाही. धुतलेलं लुगडं नेसून ती उभी राहायची, शेवटी बसायची, आणि मग दिवसभर तिचा चेहरा निवांत असायचा. मला वाटायचं, असू दे.

थंडी पडायला लागली त्या सुमारास एका रविवारी मी अॅम्प्लिफायर सुरू केला आणि रीळ लावताना फितीचं टोक निसटलं. ते पुन्हा ओवण्यात वेळ गेला. नेहमी बोलणं-चालणं असायचं, त्या दिवशी खोलीत आम्ही दोघंच होतो. व्हॉल्व्ह तापले. गीत सुरू व्हायच्या आधीच तो सूर खोलीत आला.

आई उभी होती. तिने मान कलती करून ऐकलं.

"ह्ये कधी आदी लागले न्हाईत," ती म्हणाली. "समद्यांचं झाल्यावर लागायचे."

मी फितीशी खेळत राहिलो.

"हे त्ये न्हाईत व्हय रं?"

"नाही, आई."

"काय हाय मंग?"

"वीज आहे. मशीनची."

"तुला ठावं हुतं?"

"हो."

ती रागावली नाही. म्हणाली, "लाव गीत. एकडाव नीट ऐकू दे."

मी लावलं. या वेळी ती डोळे मिटून, पेटीच्या अगदी जवळ बसून ऐकत होती. इतके दिवस ती फक्त शेवटची वाट पाहत होती, मधलं गाणं तिने ऐकलंच नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. मध्येच तिने डोळे उघडले.

"ही कोन?"

"कोण?"

"ही. समद्यांच्या वर चाललीय ती."

"आई, ती तू आहेस."

माइकसमोर पहिल्या रांगेत तीच होती. तिचा आवाज कोवळा नव्हता, पण मोकळा होता, सणाच्या दिवशीचा. आत्तापर्यंत तिने स्वतःला असं बाहेरून कधी ऐकलं नव्हतं. गीत संपेपर्यंत ती पेटीकडे पाहत राहिली.

"येवढ्या मोठ्यानं म्हनते मी?" ती म्हणाली. "म्हून त्यांचा आवाज आला न्हाई. मी दाबला."

मी तिला सगळं सांगितलं. माइक कुठे होता, पाहुणे काय म्हणाले, आबा पायरीवर कसे उभे होते. वरचा आवाज खालच्याला असा दाबत नाही, हेही सांगितलं. वर्गात मुलांना सांगतो त्याहून सोपं करून सांगितलं. ती मान हलवत होती. शिकलेल्या मुलाचं मन राखण्यासाठी आई जशी मान हलवते, तशी.

"बायकूनं जरा हळू म्हनावं," ती एवढंच म्हणाली. "कळलं न्हाई मला तवा."

मी मशीन हायस्कूलला परत केलं. पुढच्या रविवारी देवळात मी तिच्या मागच्या रांगेत होतो. गीत सुरू झालं. तिचे खांदे श्वासाबरोबर वर-खाली होत होते. मी पुढे वाकून ऐकलं. तिला सगळे शब्द पाठ होते, ओठही हलत होते, पण आवाज निघत नव्हता. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, आणि एकही रविवार तिने चुकवला नाही. पण आईचं गाणं मला पुन्हा कधी ऐकू आलं नाही.