आधी पाण्याला वाट

आमच्या घराला त्रेचाळीस पायऱ्या होत्या. गाडी खाली रस्त्याच्या कडेला लावायची आणि लाकडी पायऱ्या चढून वर यायचं. अ‍ॅशबर्नचं टाउनहाउस विकून पश्चिमेला डोंगराच्या उतारावर हे घर घेतलं, तेव्हा मला त्या पायऱ्यांचंच कौतुक होतं. बायको म्हणाली होती, "ग्रोसरी कोण वर आणणार?" मी म्हणालो, "व्यायाम होईल." दर शनिवारी तांदळाची पिशवी खांद्यावर घेऊन चढताना ते वाक्य मला आठवायचं. पण चूक कबूल करणं माझ्या स्वभावात नाही.

एप्रिलमध्ये आई त्याच पायऱ्यांवरून घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. वडील गेल्यावर मी तिला सांगोल्याजवळच्या आमच्या गावाहून इकडे परदेशात आणलं होतं. ऑपरेशन झालं. घरी आणताना अँब्युलन्सच्या चार माणसांनी तिला खुर्चीला पट्ट्यांनी बांधून वर चढवलं. ती पूर्ण वेळ डोळे मिटून होती. डॉक्टरांनी सांगितलं, सपाटीवर काठी घेऊन चालू द्या, पायऱ्या मात्र बंद. म्हणजे ती घरातच अडकली.

दोन महिन्यांनी एका सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "मला गावी पोचीव. धाकटीकडं राहीन. तिच्या घराला नुसता उंबरा हाय. हितं तू मला माळ्यावरच्या पातेल्यागत ठेवलंयस."

धाकटी म्हणजे माझी मावशी. तिचं घर चांगलं, माणसं प्रेमाची, सगळं खरं. पण मला राग आला. आज विचार केला तर ती भीती होती. वडील गेले तेव्हा मी विमानात होतो. पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आईच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच मी ठरवलेलं होतं. मी म्हणालो, "थांब. गाडीच दारापर्यंत आणतो. ड्राइव्हवे करू. मग रोज खाली जा."

"कोण करणार?"

"मी."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. हे हात वीस वर्षं कीबोर्डवर चाललेले.

मी काउंटीची परवानगी काढली, पंचवीस-तीस व्हिडिओ पाहिले आणि एका म्हाताऱ्या शेजाऱ्याकडून छोटा ट्रॅक्टर विकत घेतला. पुढे माती उचलायचं खोरं, मागे माती सारखी करायचं पातं. गावाकडच्या ट्रॅक्टरपुढे हा वासरूच वाटेल. शनिवार-रविवार मी त्यावर बसायचो. उतार कापत खालून वर एक वळण घेऊन वाट काढली आणि त्यावर ट्रकभर खडी पसरली. आई खिडकीत खुर्ची टाकून बसायची आणि मला सूचना द्यायची. ट्रॅक्टर उताराला आडवा घालू नको, उलटंल. माती सैल हाय, आधी दाब. आणि रोज एकदा तरी, "आरं, पाणी कुठनं जाणार?"

एके दिवशी माझा तोल सुटला. "आई, उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तुला यातलं काय कळतं?"

तिने खिडकी लावून घेतली.

जुलैत दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाहेर आलो तर माझा रस्ता खालच्या ओढ्यात गेला होता. वळणापासून खाली गुडघाभर खोल घळ पडली होती आणि माझी खडी डांबरी रस्त्यावर पसरली होती. मी फावडं घेऊन खडी गोळा करत होतो आणि मोठ्याने शिव्या देत होतो, पावसाला, ट्रॅक्टरला, व्हिडिओवाल्यांना.

भिजून वर आलो. आईने टॉवेल पुढे केला. तिला बोलायची पूर्ण संधी होती. तिने फक्त एवढंच म्हटलं, "आधी पाण्याला वाट द्यायची. मग माणसाला."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"मुकादमानं."

मग तिने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात ती अठरा वर्षांची होती. गावाजवळच्या टेकडीवरून पलीकडच्या गावाला जाणारा रस्ता सरकारने काढला होता. सगळं गाव कामावर. तिने तिथे वर्षभर खडी फोडली, घमेली वाहिली. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं आहे. दारात बोट सापडलं, असंच तिने आम्हाला सांगितलं होतं. ती हातोडी होती.

"कधी बोलली का नाहीस?"

"पोटासाठी दगड फोडलं, त्यात सांगायचं काय? तू इंजिनेर झालास. तुझ्या दोस्तांपुढं सांगत बसू?"

माझ्या वडिलांनाही तिने हे सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. ती म्हणाली, "त्या रस्त्यानं मागनं एसटी सुरू झाली म्हणं. माझं लगीन झालं, मी तिकडं आले. त्या रस्त्यानं मी कधी गेलेच न्हाई बघ." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र लाज वाटली. जिने डोंगरावर रस्ता केला होता, तिला मी खिडकीत बसवून शिकवत होतो.

पुढचं काम तिच्या पद्धतीने झालं. तिची पद्धत म्हणजे आधी काहीच करायचं नाही. पावसाची वाट बघायची. पाऊस आला की छत्री न घेता उतारावर उभं राहायचं, पाणी आपल्या मनाने कुठून जातं ते बघायचं आणि तिथे काटक्या रोवायच्या. मुकादम तसंच करायचा म्हणे. ऑगस्टमधल्या एका दुपारी मी रेनकोट घालून बाहेर उभा होतो, कानात फोन आणि खिडकीत आई. "डाव्या अंगाला बघ. तिथं वळतंय. रोव काटकी." कॉलेजातून घरी आलेली माझी मुलगी हसून म्हणाली, "आजी, यू आर द बॉस." आजीने मान डोलावली, पण नजर पाण्यावरून काढली नाही.

काटक्यांच्या ओळीवर मी डोंगराच्या अंगाला चर खणला, वळणावर रस्त्याखालून मोठा पाइप टाकला. रस्ता चराकडे किंचित कलता ठेवला. आधी मोठे दगड, मग खडी, मग बारीक चुरा, आणि प्रत्येक थर दाबून. खंडेनवमीला तिने मला ट्रॅक्टर चालवू दिला नाही. खोऱ्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि म्हणाली, "आज त्याला बसू दे." उन्हाचा एक चांगला शनिवार वाया गेला म्हणून मी चिडचिड केली. ट्रॅक्टर बसला.

ऑक्टोबर संपता संपता पहिल्यांदा गाडी दारात आली. आई काठी टेकत, कुणाचा हात न धरता चार पावलं चालली आणि पुढच्या सीटवर बसली. मी गाडी हळूहळू खाली घेतली. वळणावर ती म्हणाली, "थांब." काच खाली करून तिने चर पाहिला, पाइपाचं तोंड पाहिलं. मग मागे टेकून बसली. खाली डांबरी रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "चांगला झालाय." मला रडू आलं. मी जिंकलो होतो.

"आता तिकीट काढ," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. "आई, आता तर रस्ता झाला!"

"व्हय. म्हणून तर. मला बांधून खाली न्यायला नको हुतं. आपल्या पायानं येऊन गाडीत बसून जायचं हुतं."

मी हा रस्ता तिला ठेवून घेण्यासाठी करत होतो आणि ती जाण्यासाठी. एका खिडकीतून आणि एका ट्रॅक्टरवरून आम्ही पाच महिने एकच काम केलं आणि मला हे विचारावंसंही वाटलं नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं. नोव्हेंबरमध्ये बायको आणि मी तिला गावी सोडून आलो. मावशीच्या अंगणात ती काठी घेऊन फिरत होती, शेजारणींना हाका मारत होती. इतका मोकळा आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

मार्चमध्ये इथे जोराचा पाऊस झाला. सकाळीच तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. माझ्या मुलीने मोबाइलवर आमच्याकडचं हवामान बघायला तिला शिकवलं होतं. "पाणी कुठनं गेलं, दाखीव."

मी चप्पल घालून तसाच बाहेर गेलो. चरातून गढूळ पाणी धावत होतं, पाइपातून पलीकडे पडत होतं. रस्ता जागेवर होता. ती बराच वेळ बघत राहिली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुलाबी आता पायऱ्या न्हाईत. माझा कधी निरोप आला तर लगेच निघता येईल तुला."

पाऊस फोनवर पडत होता.

"पाइपाच्या तोंडाशी पानं अडकल्यात बघ. काढ ती."

मी वाकून पानं काढली.

"काढलीस?"

"काढली."

"मग जा घरात. भिजतोयस."