जहाजावरच्या लिलावातलं चित्र

पितांबर गुरुजींनी धुळ्याच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली. स्वतः काढलेली चित्रं मात्र कोणी घेतली नाहीत, सख्ख्या भावानंही नाही.

हा भाऊ मगन म्हणजे जळगावचा डाळमिलवाला. १९९६ साली तो सिंगापूरहून जहाजाची सफर करून आला आणि जहाजावरच्या लिलावातून परदेशी चित्रकाराचं चित्र घेऊन आला. त्यानं गुरुजींना मुद्दाम बोलावून घेतलं.

"भाऊ, देख, अस्सल शे ना?"

गुरुजींनी भिंग लावून पाहिलं. ब्रशचा एकही फटकारा नव्हता, सगळीकडे छपाईचे बारीक ठिपके होते.

"मगन, हाई छापेल शे."

मगनचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "तुना जीव जळस, भाऊ. तुनं चित्र कोणी इकत लेस का?"

गुरुजी चहा न घेताच निघाले.

पुढे मुंबईच्या एका चित्रांच्या दलालानं तेच सांगितलं, तेव्हा मगनला पटलं. त्यानं त्याच दलालाकडून दुसरं चित्र घेतलं. दिवाळीला गुरुजी त्याच्या घरी गेले, तर मगन हसून म्हणाला, "भाऊ, तुना हात सरळ शे. खिळा तूच ठोक."

गुरुजींनी खिळा ठोकला. चित्राकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.